थांबणाऱ्याचा टॉर्पेडो

बेळगावच्या उत्तरेला असलेल्या आमच्या कडोलीची ओळख दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनाची. समुद्राशी गावाचा संबंध नाही. घाट उतरून गोव्याकडे गेल्याशिवाय खारं वारं अंगाला लागत नाही. शेजारी बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, त्यामुळे या भागात लष्करात जायचं म्हटलं की आधी पायदळ आठवतं. तरीही संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या पोरांच्या मोबाईलवर विनाशिका धावत असतात, क्षेपणास्त्रं उडत असतात. 'मॉडर्न वॉरशिप्स'सारख्या खेळांनी समुद्र गावात आणून ठेवला आहे. मला या खेळांतल्या पाणबुडीनं कित्येक वर्षं झपाटलेलं आहे आणि पोरांचं नेमकं तिच्याशीच वाकडं आहे. "मामा, पाणबुडी घेऊ नका, लगेच मरतीय ती," असं माझा भाचा मला ठामपणे सांगतो.

ती लगेच मरते, कारण तिला विनाशिकेसारखं पळवलं जातं. तिचं कवच पातळ असतं. समोरासमोर दोन घाव सोसायची तिची ताकद नसते. लढाई सुरू होताच पूर्ण वेगात मध्यभागी घुसायचं, दिसेल त्या जहाजावर टॉर्पेडोच्या सगळ्या नळ्या रिकाम्या करायच्या आणि नळ्या पुन्हा भरेपर्यंत उघड्यावर सापडायचं, हा नेहमीचा शेवट. खेळाखेळाप्रमाणे नियम थोडे बदलतात, पण पाणबुडीचा स्वभाव सगळीकडे एकच असतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापासून पाणबुडीचा धाक जगाला कळला. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात आली, म्हणून तो दिवस पाणबुडी दिन. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या वर्गातली पहिली बोट, तीही 'कलवरी'च, 2017 साली दाखल झाली आणि सहावी 'वागशीर' जानेवारी 2025 मध्ये. यातल्या 'खांदेरी'चं नाव मला विशेष प्रिय आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं आणून तो थांबवायचा प्रयत्न केला, पण किल्ला उभा राहिलाच.

आता खेळाकडे. सगळ्यात आधी अंतराचं गणित समजून घ्यावं. टॉर्पेडोचा वेग 50 नॉट आणि जहाजाचा 25 नॉट धरा. पाच किलोमीटरवरून सोडलेल्या टॉर्पेडोला पोचायला सव्वातीन मिनिटं लागतात, तेवढ्यात जहाज अडीच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. त्यानं मध्येच वळण घेतलं की नेम फुकट. दीड किलोमीटरवरून तोच टॉर्पेडो मिनिटभरात पोचतो आणि जहाजाला जेमतेम साडेसातशे मीटर सरकता येतं. खेळात वेग फुगवलेले असतात, पण प्रमाण हेच राहतं. म्हणून लांबून मारा करायचा मोह टाळावा आणि जहाज आत्ता जिथे आहे तिथे न मारता ते जिथे पोचणार आहे तिथे मारावं.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्याखाली वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. डिझेल-विद्युत पाणबुडीची बॅटरी अशी बघता बघता उतरते. शिवाय पंखा जोरात फिरला की त्याच्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि तो आवाज शत्रूच्या सोनारला ऐकू जातो. खोल पाण्यात दाब जास्त असल्यामुळे बुडबुडे उशिरा तयार होतात. म्हणून जागा बदलायची ती खोलवरून आणि हळू. खेळातली हवेची किंवा बुडी मारण्याची पट्टी हा त्याच बॅटरीचा हिशेब आहे. ती निम्मी उरली की माघारीचा रस्ता ठरलेला असावा. मारा केल्यावर त्याच जागी क्षणभरही थांबू नये, कारण टॉर्पेडो दिसताच हेलिकॉप्टर आणि पाणबुडीविरोधी रॉकेटं तिथेच येणार.

हे सगळं मला 'खुकरी' या आपल्या युद्धनौकेच्या कहाणीतून उमगलं. 1971 च्या युद्धाचा तेवढा एकच दिवस मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

पाकिस्तानची 'हंगोर' ही फ्रान्समध्ये बांधलेली डाफ्ने वर्गाची पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ होती. तिचे रेडिओ संदेश आपल्या यंत्रणेनं पकडले आणि तिच्या शोधासाठी 'खुकरी' आणि 'किरपाण' या दोन फ्रिगेट्स पाठवल्या गेल्या. 'हंगोर'नं त्यांचा आवाज ऐकला होता, पण पाठलाग करून ती त्यांना गाठू शकत नव्हती. तिचा कप्तान कमांडर अहमद तस्नीम यानं पाठलाग सोडला. दोन्ही जहाजं ठरावीक मार्गानं शोध घेत होती. तो मार्ग त्यानं ओळखला आणि रानडुकराच्या वाटेवर शिकारी आधीच जाऊन बसावा तसा तो पुढे जाऊन थांबला. इकडे 'खुकरी'वर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या नव्या उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी तिचा वेग कमी ठेवला होता. पाणबुडीच्या टापूत मंद चालणं फार धोक्याचं.

9 डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास 'हंगोर'नं पेरिस्कोप वर न काढता, निव्वळ सोनारच्या आधारावर पहिला टॉर्पेडो 'किरपाण'वर सोडला. तो जहाजाखालून गेला, पण फुटला नाही. दुसरा 'खुकरी'ला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवल्याची ही जगातली पहिली घटना. त्यानंतर कित्येक दिवस आपल्या नौदलानं 'हंगोर'चा पिच्छा पुरवला, तरी ती कराचीला परत पोचली.

शत्रूची म्हणून ही लढाई बाजूला सारणं मला पटत नाही. आपल्या माणसांचं मोल ओळखायचं तर त्यांना कोणत्या डावपेचानं गाठलं हेही कळलं पाहिजे. खेळणाऱ्यासाठी यात सगळंच आहे: पाठलाग सोडून वाटेवर जाणं, एक टॉर्पेडो वाया गेला तरी न गडबडता दुसरा सोडणं आणि मग शांतपणे निसटणं.

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिच्या अरुंद बोळातून वाकून चालताना, टॉर्पेडोंना लागून टांगलेल्या झोपायच्या फळ्या बघताना मला पडद्यावरच्या पाणबुडीचं वजन पहिल्यांदा जाणवलं. आठवडेच्या आठवडे सूर्य न बघता माणसं इथे राहत. मोबाईलवर तीन मिनिटं वाट बघायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा तिथे न्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळात बुडालेलं जहाज पुढच्या लढाईत परत मिळतं. 'खुकरी'वरच्या 194 जणांना ती सवलत नव्हती. म्हणून पालकांना विनंती आहे: पोरं हे खेळ खेळतात म्हणून नुसतं रागावू नका, शेजारी बसून त्यांना ही गोष्ट सांगा. पोरांनो, पुढच्या वेळी पाणबुडी घ्याल तेव्हा पहिलं मिनिटभर काहीही सोडू नका, फक्त शत्रूची वाट कुठली ते बघा. आणि दीवला सहलीला गेलात, तर समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं 'खुकरी'चं स्मारक बघितल्याशिवाय परत येऊ नका.