प्रत्ययाची दिशा : इंग्रजी व मराठी साधित विशेषणांचा तौलनिक विचार

इंग्रजीतील साधित विशेषणांचा पाठ आपल्याकडील व्याकरणाच्या पुस्तकांत बहुधा कोष्टकाच्या रूपाने येतो. पहिल्या रकान्यात नाम किंवा क्रियापद, दुसऱ्यात प्रत्यय आणि तिसऱ्यात सिद्ध झालेले विशेषण : ‘होप’पासून ‘होपफुल’, ‘रॉक’पासून ‘रॉकी’, ‘रीड’पासून ‘रीडेबल’. कोष्टक पाठ होते व परीक्षेपुरता त्याचा उपयोगही होतो. परंतु तोच विद्यार्थी पुढे भाषांतरास बसला म्हणजे ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’ यांची अदलाबदल करितो. याचे कारण असे की, कोष्टक रूप सांगते. संबंध सांगत नाही. विशेषण ज्या वस्तूस लागते ती वस्तू मूळ शब्दाच्या अर्थाशी कोणत्या नात्याने बांधलेली आहे, ती कर्ता आहे की कर्म, एखाद्या भावनेचे अधिष्ठान आहे की तिचे कारण, हे पुष्कळदा प्रत्ययावरून कळते. या नात्यास प्रस्तुत लेखात प्रत्ययाची ‘दिशा’ असे म्हटले आहे.

मराठी उदाहरणे शक्यतो वडूजसारख्या तालुक्याच्या गावी रोज कानांवर व नजरेखाली येणाऱ्या शब्दांतून घेतली आहेत. वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण येरळेच्या काठी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. तेथील शेतकरी जमिनीविषयी जी विशेषणे वापरतो आणि कचेरीच्या कागदांत जी विशेषणे येतात, ती या विषयास फार सोयीची आहेत.

१. दोन वर्ग

संस्कृत व्याकरणाने साधित शब्दांचे दोन मोठे वर्ग केले : धातूस प्रत्यय लागून होणारे ते कृदन्त, आणि नामादी शब्दांस प्रत्यय लागून होणारे ते तद्धित. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तही साधित शब्दांच्या विवेचनास धातू आणि नाम हाच भेद आधारभूत आहे. इंग्रजीस ही चौकट लाविली असता ‘रॉकी’, ‘होपफुल’, ‘नॅशनल’ हे तद्धित ठरतात. ‘रीडेबल’, ‘अट्रॅक्टिव्ह’, ‘टायर्ड’ हे कृदन्त ठरतात. हा भेद केवळ नावापुरता नाही. तद्धितात ‘वस्तूचा नामाशी संबंध काय’ असा प्रश्न विचारावा लागतो; कृदन्तात ‘क्रिया कोणाची व कोणावर’ असा.

२. नामापासून विशेषण

‘रॉकी’, ‘सँडी’, ‘मडी’, ‘सॉल्टी’ या चार विशेषणांत इंग्रजीचा एकच प्रत्यय आहे. मराठीत मात्र जमीन खडकाळ असते, रेताड किंवा मुरमाड असते, वाट चिखलट असते आणि विहिरीचे पाणी खारट असते. इंग्रजीने ‘त्या पदार्थाने युक्त’ एवढा संबंध एका प्रत्ययावर सोपविला; मराठीने तो ‘-आळ’, ‘-आड’, ‘-ट’ यांत वाटून दिला. उलट ‘वुडन’ आणि ‘वुडी’ असा भेद इंग्रजी करते. पहिले लाकडापासून घडलेले, दुसरे लाकडासारखे किंवा झाडीने भरलेले. ‘लाकडी’ हे मराठी विशेषण यांपैकी पहिल्याचेच काम करिते. तात्पर्य, प्रत्ययास प्रत्यय जोडून भाषांतर होत नाही. संबंध ओळखून व्हावे लागते.

दोन्ही भाषांत प्रत्ययांचे थर आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजीत ‘-फुल’, ‘-लेस’, ‘-ई’ हे देशी, तर ‘-अल’, ‘-इक’, ‘-अस’ हे फ्रेंच, लॅटिन वा ग्रीक परंपरेतून आलेले. मराठीत ‘-आळ’, ‘-कट’ हे देशी वळणाचे, ‘-इक’, ‘-ईय’ हे संस्कृत, ‘-दार’, ‘-खोर’ हे फारसी. थर बदलला की मूळ शब्दाच्या स्वरांचे वर्तनही बदलते. संस्कृत ‘-इक’ लागताच आद्य स्वरास वृद्धी होते : समाज–सामाजिक, इतिहास–ऐतिहासिक, भूगोल–भौगोलिक. देशी प्रत्ययापूर्वी दीर्घ स्वर उलट ऱ्हस्व होतो : दूध–दुधाळ, धूळ–धुळकट. इंग्रजीतही ‘नेशन’चे ‘नॅशनल’ होते, ‘अ‍ॅटम’चे ‘अटॉमिक’ होताना आघात पुढे सरकतो; परंतु ‘होप’ व ‘होपफुल’ यांत स्वर जागचा हलत नाही. हे फेरफार विद्यार्थ्यास अपवाद म्हणून शिकविले जातात. ते वस्तुतः थरांचे नियम आहेत, आणि ‘सामाजिक’ म्हणणाऱ्यास त्यांचे तत्त्व अपरिचित नाही.

काही प्रत्यय मात्र आपला थर ओलांडतात. ‘-एबल’ फ्रेंचमधून आला, तरी ‘ड्रिंक’, ‘वॉश’ अशा देशी धातूंस तो निःशंकपणे लागतो. मराठीत फारसी ‘-दार’ने तेच केले आहे : पाणीदार, धारदार.

स्थलनामांत मात्र नियमापेक्षा रूढी प्रबळ असते. सातारा–सातारी, कोल्हापूर–कोल्हापुरी, पण पुणे–पुणेरी. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या पुस्तकाने ‘माणदेशी’ हे विशेषण महाराष्ट्रभर नेले. पण माणदेशाच्या शेजारच्या वडूज या नावास सामान्यतः ‘-चा’ लावूनच काम भागते. इंग्रजीतही ‘इटालियन’ आणि ‘जॅपनीज’ यांचे प्रत्यय कोणत्याही नियमाने सांगता येत नाहीत. जेथे नियम नाही तेथे तो शिकविण्याचा अट्टाहास करू नये.

३. दिशेचा प्रश्न

दिशा म्हणजे काय, हे ‘लाज’ या एका शब्दावरून स्पष्ट होते. लाजाळू किंवा लाजरा म्हणजे ज्यास लाज वाटते तो. लाजिरवाणे म्हणजे ज्यामुळे लाज वाटते ते. मूल लाजरे असते, कृत्य लाजिरवाणे असते. यांची अदलाबदल कोणी अशिक्षित मनुष्यही करीत नाही. इंग्रजीत ‘अशेम्ड’ हे माणसास लागते, ‘शेमफुल’ हे मुख्यतः कृत्यास. तसेच ‘बोर्ड’ म्हणजे कंटाळलेला, ‘बोरिंग’ म्हणजे कंटाळवाणा. ‘-वाणा’ आणि ‘-लेला’ यांतील अंतर ज्यास जन्मतः कळते, त्यास ‘-इंग’ आणि ‘-एड’ यांतील अंतर कळण्यास अडचण पडू नये. अडचण पडते ती दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या जात नाहीत म्हणून.

धातूपासून होणाऱ्या विशेषणांत दिशा अधिक नाजूक होते. मराठी ‘-आऊ’ पाहा. टिकाऊ म्हणजे जे टिकते ते. येथे वस्तू कर्ता आहे. विकाऊ म्हणजे जे विकता येते ते. येथे वस्तू कर्म आहे. पैसेखाऊ यात मनुष्य पुनः कर्ता. ‘-ईव’ची दिशा मात्र बहुधा कर्माकडे : कोरीव, आखीव, घोटीव. इंग्रजी ‘-एबल’ सामान्यतः कर्मदर्शी आहे. ‘रीडेबल’ म्हणजे वाचता येण्याजोगे. परंतु ‘पेरिशेबल’ म्हणजे जे स्वतः नाश पावते ते, अर्थात नाशवंत.

४. कचेरीतील ‘-एबल’

या प्रत्ययास सर्वत्र चालेल असा एक देशी पर्याय मराठीत नाही. बोलण्यात ‘पिण्याजोगे’, ‘बघण्यासारखे’ अशी रचना येते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्यकारभाराची परिभाषा मराठीत घडविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ही उणीव अनेक मार्गांनी भरून काढावी लागली. ‘पेएबल’ साठी देय, ‘अ‍ॅडमिसिबल’साठी अनुज्ञेय, ‘टॅक्सेबल’साठी करपात्र, ‘कॉग्निझेबल’साठी दखलपात्र. शब्द सुटसुटीत आहेत. पण ‘-पात्र’ हे उत्तरपद योग्यता सांगते, आणि मूळ प्रत्यय कोठे शक्यता, कोठे हक्क, तर कोठे दायित्व सांगतो.

‘अजामीनपात्र’ हा शब्द याचे बोलके उदाहरण आहे. तो ऐकणारा सामान्य मनुष्य असे समजतो की, या गुन्ह्यात जामीन मिळणारच नाही. कायद्याचा आशय तसा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नसतो, जामीन देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा भेद होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. नकार आहे तो हक्काचा. ऐकणारा त्यास शक्यतेचा नकार मानतो आणि अर्ज करण्यापूर्वीच आशा सोडून बसतो.

दुसरे उदाहरण जमिनीचे. इंग्रजीत ‘अनकल्टिव्हेटेड’ आणि ‘अनकल्टिव्हेबल’ यांत केवळ प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ कसलेली नाही, दुसऱ्याचा कसता येत नाही. मराठीत पहिलीस पडीक म्हणतात, दुसरीस मशागतीस अयोग्य. ‘पडीक’ यात ‘पड’ धातूस ‘-ईक’ लागला आहे. तो जमिनीची अवस्था सांगतो, स्वभाव सांगत नाही. म्हणूनच भूमि-उपयोगाच्या सरकारी वर्गीकरणात ‘लागवडीयोग्य पडीक’ असा वर्ग असू शकतो, आणि नापीक व मशागतीस अयोग्य जमीन त्याहून निराळी मोजली जाते. पाऊस न आल्यामुळे किंवा बैलजोडी मोडल्यामुळे एखादे शिवार पडीक राहते. पुढल्या साली ते पेरलेही जाते. भाषांतरकाराने ‘-एड’च्या जागी ‘-एबल’ वाचला, तर तेच शिवार कागदावर कायमचे निकामी ठरते.

५. निष्कर्ष

सारांश, साधित विशेषणाचा पाठ प्रत्ययांच्या यादीने आरंभू नये. मूळ शब्द नाम आहे की धातू, प्रत्यय कोणत्या थरातील आहे, आणि विशेषित वस्तू क्रियेचा कर्ता आहे, कर्म आहे की कारण, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. त्यांची उत्तरे देण्याची शक्ती विद्यार्थ्यापाशी इंग्रजीचा पहिला धडा घेण्यापूर्वीच असते. कारण लाजरे मूल आणि लाजिरवाणे कृत्य, पडीक रान आणि नापीक रान, यांतील भेद त्यास घरीच कळलेला असतो. अध्यापकाने त्या ज्ञानास नाव द्यावयाचे व ते दुसऱ्या भाषेच्या कामी लावावयाचे, एवढेच उरते.