'हो'चं बटण मोठं, 'नको'चं बारीक!

'अगं, कर्ज हवंय का म्हणून सकाळपासून चार फोन आलेत. मी कधी मागितलं कर्ज?' आईचा सांगलीहून वैतागलेला फोन. रिटायर्ड शिक्षिका, आयुष्यात कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत, तिला कर्ज!

वीकएण्डला घरी गेले, तिचा मोबाइल हातात घेतला आणि कोडं सुटलं. बिल भरायच्या एका अ‍ॅपमध्ये 'भागीदारांच्या ऑफर्स मिळवा' या ओळीशेजारी आधीच टिक केलेली चौकट होती. खाली 'पुढे जा'चं हिरवंगार बटण. 'नको' मात्र फिकट राखाडी, मुंगीएवढं.

'टिक काढली का नाहीस?'

'मला वाटलं, ती असतेच.'

चिडणार होते, पण आठवलं... परवाच विमानाचं तिकीट काढताना मीही असाच नको असलेला विमा घेऊन बसले होते. आणि मी म्हणे मास कॉम केलेली!

तर मंडळी, हा आपला वेंधळेपणा नाही, हे डिझाइन आहे. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये याचं बारसं केलं - 'डार्क पॅटर्न'. चांगली वेबसाइट आपल्याला हवं ते पटकन करू देते. ही कंपनीला हवं ते आपल्याकडून पटकन करून घेते.

कुकीचंच बघा. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने ती बनवली, तेव्हा काम साधं होतं. वेबसाइटला तुमची ओळख राहावी, बास्केटमधल्या वस्तू गायब होऊ नयेत. पुढे जाहिरातवाल्यांनी तीच कुकी या साइटवरून त्या साइटवर आपला माग काढायला वापरली. युरोपने परवानगी सक्तीची केली, तर 'स्वीकारा' एका क्लिकवर आणि नकार तीन पडद्यांआड! फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

आपल्याकडे? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ डार्क पॅटर्नवर बंदी घातली. गुपचूप बास्केटमध्ये वस्तू टाकणं, 'फक्त दोनच उरलेत' अशी खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, सगळं त्यात आलं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. शिवाय २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली.

आमच्या घरी मात्र ती टिक पडायला एक सेकंदही लागला नव्हता. काढायला आम्हा दोघींना पाऊण तास लागला. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग 'तुमची पसंती', मग पुन्हा ओटीपी. कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगीही काढून टाकली. बिल भरायला तिची फोनबुक कशाला हवी?

फोन कमी झालेत, थांबले नाहीत. एकदा गेलेला नंबर परत येत नाही.

आई चष्मा पुसत म्हणाली, 'आयुष्यभर मुलांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका. इथे वाचू देतात कुठे?'

आता ती कुठल्याही पानावर आधी ती राखाडी बारीक अक्षरं शोधते. तुम्हीही शोधा. तुमच्या आईच्या मोबाइलवर तर नक्कीच!