ब्रेक तापतात म्हणजे नेमकं काय होतं?

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट लागतो. घाट उतरलेल्या मालट्रकशेजारी उभं राहिलात तर कधीकधी जळका वास येतो. रेसट्रॅकवर पाच-सहा फेऱ्या मारून आलेल्या कारजवळही तसाच वास येतो. कारण एकच. ब्रेक वेग ‘संपवत’ नाही. वेगातली ऊर्जा उष्णता करून डिस्कमध्ये किंवा ड्रममध्ये भरतो. ती बाहेर पडायला वेळ लागतो.

थोडं गणित करू. १,२०० किलोची कार ताशी १२० वरून ६० किमीवर आणली की सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तिचा ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर आला आणि प्रत्येक डिस्क ६ किलोची धरली, तर एकदा ब्रेक लावला की त्या साधारण ६० अंशांनी तापतात. ट्रॅकवर १८० वरून ८० वर आलात, तर जवळपास १४५ अंशांनी. आणि पुढचं वळण काही सेकंदांवर!

नगरची व्हीआरडीई ही डीआरडीओची संस्था वाहनांच्या चाचण्या करते. अशा चाचण्यांमध्ये तापलेल्या ब्रेकची परीक्षाही असते. कारसाठीच्या आर१३-एच या आंतरराष्ट्रीय नियमात दर ४५ सेकंदांनी, असे १५ वेळा ब्रेक लावतात. नंतर गरम ब्रेकने थंड ब्रेकच्या निदान ६० टक्के काम केलं पाहिजे. म्हणजे पास झालेल्या गाडीचा ब्रेकही तापल्यावर कमी लागू शकतो. ट्रॅकवर तर ४५ सेकंदांची उसंतही मिळेलच असं नाही.

बिघाड दोन प्रकारचे, आणि ते पायाला कळतात. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड जास्त तापलेत. पेडल खाली बसतंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो; पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदला आणि पॅडची जाडी बघा. तापलेले पॅड फार लवकर झिजतात.

ट्रॅकवर ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबा, मग पूर्ण सोडा. पाय नुसता टेकवून ठेवला तर डिस्कला थंड व्हायला सवडच मिळत नाही. शेवटची फेरी सावकाश मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

आता परत घाटात येऊ. १६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरला की सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. वरच्या कारने ३० वेळा ब्रेक लावण्याइतकी! खालच्या गिअरमध्ये उतरलात तर तिचा बराच भाग इंजिन घेतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलंत, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, आणि खालच्या वळणावर ब्रेक लागत नाही.