छावणीतला एक शब्द

प्रिमो लेव्ही हे इटलीतल्या तुरिनचे ज्यू रसायनतज्ज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये नाझींनी त्यांना ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं. हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला. तेच पुढं त्यांचं नाव. जानेवारी १९४५ मध्ये चालू शकणाऱ्या कैद्यांना नाझींनी बर्फातून हाकलून नेलं. लेव्ही तापानं छावणीच्या दवाखान्यात पडून होते, म्हणून मागं राहिले आणि वाचले.

त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यातल्या एका शब्दाशी मी दरवेळी अडखळतो. 'मुझलमान'. जर्मनमध्ये अर्थ सरळ आहे, मुसलमान. छावणीत मात्र उपासमारीनं खंगलेल्या, जगण्याची आस सुटलेल्या कैद्याला इतर कैदीच हे नाव देत. का, याबद्दल तर्कच आहेत. एक असा, की अशक्तपणानं जमिनीकडं वाकलेली, डुलणारी ती माणसं दुरून नमाज पढत असल्यासारखी दिसत. मी स्वतः रोज सजद्यात कपाळ जमिनीला टेकवतो. हा तर्क वाचला की अंगावर काटा येतो. राग कुणावर धरायचा? भुकेल्यांनीच भुकेल्यांना दिलेलं नाव ते!

१९८६ च्या पुस्तकात लेव्ही सांगतात, वाचलेले आम्ही खरे साक्षीदार नव्हेत. पुरी साक्ष त्या 'मुझलमानां'ची. पण ते परतले नाहीत, आणि परतले ते मुके होऊन.