मूत्रवाहिनी अवरोध, जन्मजात
वृक्कातून (मूत्रपिंडातून) मूत्राशयाकडे मूत्र नेणाऱ्या नलिकेतील जन्मजात अडथळा. तो बहुधा वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांच्या संधिस्थानी असतो. मुलग्यांत व डाव्या बाजूस तो अधिक आढळतो. मूत्र तुंबून वृक्कद्रोणी फुगते आणि वेदना न होताही वृक्काचे कार्य घटू शकते.

निदान व उपचार : गर्भावस्थेतील श्राव्यातीत ध्वनितपासणीत (सोनोग्राफीत) हा फुगवटा दिसतो. जन्मानंतरचे पहिले दोन दिवस मूत्रनिर्मिती अल्प असल्याने तो कमी भासतो. म्हणून साधारणतः ३ ते ७ दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. दोन्ही वृक्के बाधित असल्यास मात्र विलंब करीत नाहीत. अनेक बालकांत फुगवटा आपोआप ओसरतो. किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने केलेल्या चाचणीत बाधित वृक्काच्या कार्याचा वाटा ४०% हून कमी वा घटत असल्याचे आढळल्यास सामान्यतः शस्त्रक्रिया करतात. अँडरसन व हाइन्स यांच्या पद्धतीत (१९४९) अरुंद भाग कापून निरोगी टोके जोडतात. ती ९०% हून अधिक रुग्णांत यशस्वी होते.

रायगड जिल्ह्यात पेण व रोहे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, बालशल्यचिकित्सेची सोय मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात (स्था. १९२९) आहे. बाळ निरोगी दिसते म्हणून पुनर्तपासणी टाळल्यास वृक्क कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.