बीपीच्या दोन गोळ्या एकत्र घेताना कोणती काळजी घ्याल?

"आधी एकच गोळी होती, आता दोन झाल्या. म्हणजे आजार वाढला का?" दुसरी गोळी लिहून दिली की रुग्ण हमखास हा प्रश्न विचारतात. काही जण घाबरून दुसरी गोळी सुरूच करत नाहीत. खरे तर उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना दोन औषधे लागतात. योग्य जोडी असेल तर ती सुरक्षित असते. धोका असतो तो चुकीच्या जोडीत आणि नकळत घेतलेल्या दुप्पट डोसमध्ये.

दोन गोळ्या का लागतात?

रक्तवाहिन्या आकुंचन पावणे, शरीरात मीठ-पाणी साठणे, हृदयाचे ठोके जोरात पडणे अशा वेगवेगळ्या कारणांनी रक्तदाब वाढतो. एक गोळी साधारणपणे एकाच कारणावर काम करते. त्याच गोळीचा डोस दुप्पट केला तर रक्तदाब थोडाच उतरतो, दुष्परिणाम मात्र वाढू शकतात. त्याऐवजी वेगळ्या प्रकारच्या औषधाचा लहान डोस जोडला तर जास्त फायदा होतो.

उदाहरणार्थ, अॅम्लोडिपिनमुळे काहींच्या पायांना सूज येते. सोबत टेल्मिसार्टान असेल तर ही सूज कमी राहते. अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टान, किंवा टेल्मिसार्टान आणि लघवी वाढवणारे औषध (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड) या नेहमी दिल्या जाणाऱ्या जोड्या आहेत.

या जोड्या सहसा टाळतात

- 'प्रिल' आणि 'सार्टान' एकत्र: रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांच्यासोबत टेल्मिसार्टान, लोसार्टान नको. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट या मोठ्या अभ्यासात रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टान एकत्र देऊन जास्त फायदा दिसला नाही. उलट रक्तदाब फार उतरणे आणि मूत्रपिंडाचे त्रास वाढले.
- मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसोबत व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम: नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. मेटोप्रोलॉल आणि अॅम्लोडिपिन ही जोडी मात्र चालते.

गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. 'प्रिल' आणि 'सार्टान' गटातील औषधे बाळाला अपायकारक आहेत.

नेहमी दिसणारी चूक: एकच औषध दोनदा

समजा, तुम्ही घरी टेल्मिसार्टान घेत आहात. रुग्णालयातून घरी सोडताना नवीन कंपनीची गोळी मिळाली आणि तिच्यात टेल्मिसार्टान व अॅम्लोडिपिन दोन्ही आहेत. नाव वेगळे, रंग वेगळा, म्हणून दोन्ही गोळ्या चालू राहतात. काही दिवसांनी उठताना चक्कर येते आणि तोल जाऊन पडायला होते.

म्हणून पाकिटावरचे मोठे नाव नव्हे, तर त्याखालचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा. ब्रँडच्या नावापुढे 'एएम' असेल तर बहुधा त्यात अॅम्लोडिपिन असते, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड. शंका असेल तर सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

सोबत काय घेता, तेही सांगा

- वेदनाशामक गोळ्या: गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात. 'प्रिल' किंवा 'सार्टान' आणि लघवीची गोळी चालू असताना त्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.
- कमी सोडियमचे मीठ: यात बऱ्याचदा पोटॅशियम असते. 'प्रिल', 'सार्टान' किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढू शकते. रोज भरपूर नारळपाणी पिण्याआधीही विचारा.
- उलट्या-जुलाब: शरीरातले पाणी कमी झाले असेल तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

रोजच्या सवयी

१. गोळ्या रोज ठरलेल्या वेळी घ्या. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

२. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर वही डॉक्टरांना दाखवा.

३. अंथरुणातून उठताना आधी कडेला थोडा वेळ बसा, मग उभे राहा.

४. सांगितल्याप्रमाणे क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमची तपासणी करा. लघवीच्या गोळीने वयस्कर व्यक्तींचे सोडियम कमी होऊन अशक्तपणा किंवा गोंधळलेपण येऊ शकते.

५. बीपी 'नॉर्मल' आले म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल आणि क्लोनिडिन अचानक बंद करणे विशेष धोक्याचे आहे.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

- शुद्ध हरपणे, किंवा चक्कर येऊन वरचा आकडा ९० च्या खाली जाणे
- नाडी ५० पेक्षा कमी होऊन गरगरणे किंवा धाप लागणे
- ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे
- छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे

आज घरातल्या सगळ्या औषधांची नावे, डोस आणि वेळा एका कागदावर लिहा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तो आधी दाखवा.