चाळ बांधायची, ती कुणाच्या मुलीनं?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कधी असा प्रसंग आलाय का? मुलगी शाळेतून उड्या मारत येते, "आई, गॅदरिंगमध्ये मी लावणी करणार!" म्हणते आणि स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरते! आमच्याकडे यंदा फाल्गुनात हेच झालं. शाळेचं गॅदरिंग लांबत लांबत परीक्षेनंतर गेलं होतं. तिला भरतनाट्यमच्या क्लासला घातलं तेव्हा सासूबाईंनी शेजारीपाजारी कौतुकानं सांगितलं होतं. लावणी म्हटल्यावर मात्र त्यांचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "नाचायला दुसरं काही मिळालं नाही का?" खरं सांगू? मलाही आतून तसंच वाटलं होतं. त्या बोलल्या, मी गप्प बसले, इतकाच फरक.

पाडव्याच्या आधी नणंदेकडे वारूळवाडीला जाणं झालं. जुन्नर तालुक्यातलं हे गाव नारायणगावला इतकं खेटून आहे, की एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं ते नवख्याला कळत नाही. टोमॅटोच्या बाजारामुळे नारायणगाव तुम्हाला ठाऊक असेलच. पण तमाशावाले त्याला आपली पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात. दारात फडाचा फलक, आत व्यवस्थापक. गावोगावची मंडळी येतात, आपल्या यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. चैत्र-वैशाखातल्या यात्रांवरच फडाचं वर्षाचं गणित बसतं. 2020 आणि 2021 साली करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा या माणसांच्या चुली कशा पेटल्या असतील, हे घर चालवणाऱ्या तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

"भाजीला जाताना रोज दिसतात," नणंद म्हणाली, "पण आत कधी डोकावले नाही. आपल्यातल्या बायका कुठं जातात?"

याच नारायणगावचं नाव विठाबाईंनी महाराष्ट्रभर नेलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म 1935 चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता, त्यामुळे नाच-गाणं घरातच. 1957 साली आणि पुन्हा 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांची एक हकिकत अजून सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लोक ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात. मला मात्र ती ऐकताना अंगावर काटा येतो. त्या वेळी तंबूत बसलेल्यांपैकी कुणालाच "बाई, राहू द्या आता" म्हणावंसं वाटलं नसेल का? अखेरची वर्षं त्यांनी हलाखीत काढली आणि 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. आज तमाशातल्या जीवनगौरवाला राज्य सरकारनं त्यांचंच नाव दिलंय.

आपण सरसकट 'तमाशा' म्हणतो, पण त्यातही प्रकार आहेत बरं का! ढोलकी फडात गण, गौळण, बतावणी आणि मग वग, असा रात्रभराचा खेळ. संगीत बारीत मुख्य लावणीच. त्यातही बैठकीची लावणी बसून, केवळ नजरेनं, हातानं आणि चेहऱ्यानं करायची. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीसाठी नावाजल्या होत्या; 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि गंमत म्हणजे तमाशात पूर्वी बायका नव्हत्याच! नाच्या पोऱ्या लुगडं नेसून नाचायचा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा ही पहिल्या स्त्री कलावंतांमधली. ती नारायणगावपासून फार लांब नाही, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची.

आता राहिलं भरतनाट्यम. तेही एकेकाळी देवदासींचंच होतं! घरंदाज माणसं त्याला नाकं मुरडत. 1935 मध्ये रुक्मिणीदेवींनी ते रंगमंचावर केलं, तेव्हा मद्रासेत केवढी खळबळ उडाली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी 'कलाक्षेत्र' काढलं आणि बघता बघता तेच नृत्य आपल्या मुलींच्या क्लासचं झालं. शिवाय त्याची आजची मांडणी ज्या चार भावांनी बसवली, ते तंजावरच्या आपल्या सरफोजी राजांच्या पदरी होते! नाचाला चांगलं-वाईट ठरवताना आपण बहुतेकदा नाच बघतच नाही, नाचणारीची जात आणि परिस्थिती बघतो. घरी परतल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मीही ताणलं नाही.

लेकीला होकार मात्र दिला. तुमच्याकडेही अशी वेळ आली, तर चार गोष्टी सांगून ठेवते. गाणं तुम्ही स्वतः आधी नीट ऐका. सिनेमातली प्रत्येक लावणी बारा वर्षांच्या मुलीला शोभेलच असं नाही. फडावरच्या बाया किलोकिलोचे चाळ बांधतात, ते बघून पोरीच्या पायात ओझं घालू नका. एका पायाला पन्नास घुंगरं पुरेत, तीही दोरीत घट्ट ओवलेली. चाळ घोट्याच्या हाडावर नको, जरा वर बांधा आणि खाली मऊ सुती कापडाची घडी ठेवा, नाहीतर कातडी सोलवटते. शिवलेली नऊवारी चालेल, पण आदल्या दिवशी ती नेसवून मुलीला एकदा मांडी घालून बसायला आणि झटकन उठायला लावा. काष्टा ओढला गेला तर तेव्हाच कळेल.

आमच्याकडे त्या घडीसाठी मी जुना पंचा फाडायला घेतला होता. सासूबाईंनी तो काढून घेतला. "हा खरखरीत आहे, टोचेल तिला," म्हणाल्या आणि ट्रंकेतून स्वतःचं एक विरलेलं लुगडं काढून आणलं.